समुद्राच्या पानांत पाना-पक्कड

बोटीवर घर करून राहणाऱ्या लोकांमध्ये एक जुना विनोद फिरत असतो. शिडाच्या बोटीने जग फिरणं म्हणजे काय? तर एकाहून एक देखण्या बंदरांत जायचं आणि तिथे बोट दुरुस्त करत बसायचं.

आपल्यापर्यंत या आयुष्याची जी गोष्ट पोचते तिच्यात बंदरं भरपूर असतात, दुरुस्ती नावापुरती. फोनवर एक रील येते. निळंशार पाणी, पांढरं शीड, डेकवर कापून ठेवलेली पपई, मागे गिटार. रायली व्हाइटलम आणि एलेना कराउसू या ऑस्ट्रेलियन जोडप्याने 'सेलिंग ला व्हॅगाबाँड' हे चॅनल २०१४मध्ये सुरू केलं. २०१९मध्ये ग्रेटा थनबर्ग अमेरिकेहून युरोपला परतली ती त्यांच्याच बोटीने. त्यानंतर अशी कितीतरी चॅनलं निघाली. त्यांतली बरीच जण इंजिनात हात घातलेलेही दाखवतात, हे मान्य करायला हवं. पण तो भाग शोधून पाहावा लागतो. सूर्यास्त आपोआप समोर येतो.

पुंडलिकनगरपासून समुद्र तीनशेहून जास्त किलोमीटर लांब आहे. इथे बसून बोटीवरच्या संसाराबद्दल लिहायचं तर पुस्तकं आणि पडदा यांचाच आधार घ्यावा लागतो. तरी हा संसार नीट वाचायची एक किल्ली आपल्या गच्चीवर आहे असं मला वाटतं. नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी, कधी आठ दिवसांनी येतं, अशा शहरात आपण वाढलो. टाकीत किती उरलंय हे झाकण न उघडता, टाकीवर बोटाने वाजवून ओळखणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत. आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, भांड्यांचं उरलेलं बाथरूमला, ही उतरंड आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. बोटीवर राहणारा माणूस हाच हिशेब करत असतो. फरक इतकाच की त्याचा जलकुंभ त्याच्या पलंगाखाली असतो, आणि तो रिकामा झाला तर टँकर येत नाही.

या लेखात बोटीची काही पुस्तकं मी याच बाजूने वाचणार आहे. वादळ किती मोठं होतं हे बाजूला ठेवून, गळती कुणी आणि कशी बुजवली हे पाहणार आहे. तसं पाहिलं की चांगलं पुस्तक आणि पोकळ पुस्तक यांतला फरक लवकर कळतो. आपल्या मराठी समुद्राबद्दलही एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो.

मिठाचं घर

आधी या संसारात रोज काय काय चालतं ते पाहू. उष्ण कटिबंधातलं कोमट पाणी पोहायला सुखाचं असतं, बोटीला नाही. बोटीचा जो भाग पाण्याखाली असतो त्यावर काही आठवड्यांत शेवाळ धरतं, मग बार्नकल नावाचे कवचवाले जीव चिकटतात. ते वाढले की बोटीचा वेग मरतो. त्यासाठी तळाला तांब्याचा अंश असलेला विषारी रंग लावतात, तो झिजला की बोट पाण्याबाहेर काढून पुन्हा लावतात. मधल्या काळात डोळ्यांना मास्क लावायचा, हातात खरवडणी घ्यायची आणि बुडी मारायची. लाकडी बोट असेल तर आणखी एक शत्रू असतो, लाकूड पोखरणारा जहाजकिडा. बाहेरून फळी ठणठणीत दिसते, आतून तिची चाळणी झालेली असते.

वर ऊन असतं. उन्हाने शिडाची शिवण कुजते, कापडाच्या आधी दोरा जातो. दोरखंड ताठ आणि ठिसूळ होतात. खिडक्यांभोवतीचं सील भेगाळतं आणि पहिल्या पावसात थेंब बरोबर गादीवर पडतो. मीठ तर सगळीकडे असतं. खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा पूर्ण वाळत नाही, कारण त्यात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. म्हणून पाऊस आला की बोटीवर धावपळ उडते. ताडपत्री ताणा, बादल्या लावा, कपडे बाहेर काढा.

दोन वेगळे धातू समुद्राच्या पाण्यात एकत्र आले की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि त्यांतला एक झिजत जातो. पंख्याचा दांडा झिजू नये म्हणून बोटीला मुद्दाम जस्ताचा तुकडा लावतात. त्याचं काम एकच, बाकीच्यांच्या वाटचं आपण झिजायचं. तो संपला की नवा लावायचा. या जगण्याचं याहून नेमकं चित्र मला कुठल्या कवितेत सापडलेलं नाही.

आत, स्वयंपाकघराच्या जागी, एका बाजूला झुलणारा स्टोव्ह असतो. बोट कलली तरी तो सपाट राहतो. त्यावर अनेकांच्या बोटींत प्रेशर कुकर दिसतो, आणि कारण आपल्याला लगेच पटेल. झाकण घट्ट बसतं म्हणून लाटेने उपडा झाला तरी वरण सांडत नाही, शिवाय गॅस कमी लागतो. बंदरातून किराणा आणला की पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच टाकून यायची, कारण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. फ्रीज विजेचा मोठा हिस्सा खातो, म्हणून बॅटरीचा आकडा पाण्याच्या आकड्याइतकाच पाहावा लागतो. आणि संडासाचा पंप हा बहुतेक बोटींवर सगळ्यात जास्त वेळा उघडला जाणारा भाग असतो. रीलमध्ये तो दिसत नाही.

हे सगळं रोजचं आहे. वादळ वर्षातून चार वेळा येईल, झडप साफ करायचं काम दर आठवड्याला येतं. म्हणून पुस्तकाला माझा पहिला प्रश्न असा असतो: लेखकाने हे रोजचं कुठे ठेवलं?

मुंबईत बांधलेली बोट

एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालणारा पहिला माणूस इंग्लंडचा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. २२ एप्रिल १९६९ला तो फाल्मथला परतला, तेव्हा समुद्रावर त्याचे ३१२ दिवस झाले होते. त्याची बत्तीस फुटी 'सुहैली' मुंबईत, कुलाब्याला बांधलेली होती. सागवानी लाकूड आणि इथल्या सुतारांचे हात. 'सुहैली' हे नावही याच समुद्राकडचं. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला तसं म्हणतात.

त्याच्या 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन' या पुस्तकात केप हॉर्न आहे, वादळं आहेत, एकटेपणा आहे. माझ्या मते पुस्तकाचा कणा मात्र आधीच, प्रवासाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, केप व्हर्दे बेटांच्या आसपास तयार होतो. बोटीत पाणी येत असतं. तो बुडी मारून पाहतो तर तळाशी, कण्याजवळच्या फळ्यांचा सांधा उघडलेला असतो. अशा सांध्यात कापसाची वात ठोकून तो बुजवायचा ही जगभरची जुनी रीत आहे. पण ती बोट किनाऱ्यावर असताना. इथे श्वास रोखून, पाण्याखाली, हलत्या बोटीला धरून ठोकायचं होतं. कापूस टिकेना. मग त्याने कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, त्याला डांबर लावलं, त्यात तांब्याचे खिळे आधीच टोचून ठेवले, आणि पट्टी सांध्यावर ठोकत गेला. वरून तांब्याची पट्टी मारली. गोरी कातडी पाण्यात चमकून शार्कच्या नजरेत येऊ नये म्हणून अंगात गडद शर्ट आणि जीन्स. मध्येच एक शार्क आलाच. बाहेर येऊन त्याने बंदुकीने तो मारला, थोडी वाट पाहिली, आणि पुन्हा कामाला पाण्यात उतरला.

हा प्रसंग सिनेमाला शोभेल असा आहे. लेखक तो तसा सांगत नाही, यात मला त्याची खरी ताकद दिसते. शार्कला जितकी जागा मिळते त्याहून जास्त जागा खिळ्यांना मिळते. आधी काय करून पाहिलं, ते का जमलं नाही, मग काय केलं, या क्रमाने तो लिहितो. वाचताना आपण त्याच्या धैर्याला टाळ्या वाजवत नाही, आपलंही डोकं त्या सांध्यात अडकतं. ही पट्टी सुटेल का? हा प्रश्न पुढची शेकडो पानं आपल्यासोबत राहतो. साहसाची उत्कंठा दुरुस्तीच्या तपशिलातून येऊ शकते, हे या पुस्तकाने दाखवलं.

खोटी नोंदवही

त्याच शर्यतीत डोनल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक माणूस होता. नऊ जण निघाले, पूर्ण केली ती एकट्या नॉक्स-जॉन्स्टनने. क्रोहर्स्टची गोष्ट निकोलस टोमलिन आणि रॉन हॉल या पत्रकारांनी १९७०मध्ये पुस्तकात मांडली. निघायच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ला, तो अर्धवट तयार बोट घेऊन निघाला. तीन अंगांच्या त्या बोटीची झाकणं गळत होती, आणि आतलं पाणी उपसायच्या पंपाची नळी किनाऱ्यावर राहून गेली होती.

अशा बोटीने दक्षिणेच्या समुद्रात जाणं म्हणजे मरण, हे त्याला लवकरच कळलं. परतावं तर कर्ज आणि नाचक्की. मग तो अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला आणि रेडिओवरून आपण पुढे पुढे जात असल्याच्या खोट्या जागा कळवत राहिला. एकीकडे खरी नोंद, दुसरीकडे जगाला दाखवायची नोंद. १० जुलै १९६९ला त्याची बोट समुद्रात तरंगताना सापडली, त्यात तो नव्हता. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या कुटुंबाला दिले.

क्रोहर्स्टबद्दल बोलताना बहुतेक जण त्याच्या मनाबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. मला त्या नळीबद्दलही बोलायचंय. प्रवास खोटा लिहिता येतो. अक्षांश-रेखांश बनवता येतात, वादळ रंगवता येतं, वेग फुगवता येतो. गळती खोटी लिहिता येत नाही, कारण आपण काहीही लिहिलं तरी ती रात्री गुडघ्यापर्यंत येते. दुरुस्तीची नोंद लेखकाला खरं बोलायला भाग पाडते. म्हणूनच बोटीवरच्या जगण्याबद्दल जे काही येतं, पुस्तक असो की चॅनल, त्यात निगा किती आहे ही माझ्यासाठी रुचीची बाब राहत नाही. ती सचोटीची खूण होते. फक्त सूर्यास्त दाखवणारा माणूस क्रोहर्स्ट असेलच असं नाही. पण त्याच्याकडे पाहणाऱ्याला, आपल्या बोटीत तेवढं पाणी का शिरतंय, असा न्यूनगंड तो नक्की देतो. एका खोलीत चौघं राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, गळका नळ चिंधीने बांधून ठेवणाऱ्या आपल्या पिढीला हा न्यूनगंड ओळखीचा आहे.

दिवाडीचं यार्ड

आता आपल्याकडचं पुस्तक. निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी एक कल्पना अनेक वर्षं जपली होती. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीने, एकट्याने पृथ्वीला वळसा घालावा. नौदलातले पाणबुडे अधिकारी कमांडर दिलीप दोंदे त्यासाठी पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचं यार्ड होतं. अशी शिडाची नौका त्यांनी आधी बांधलेली नव्हती. डच आराखड्यावरून छप्पन्न फुटांची 'म्हादेई' तिथे तयार झाली आणि फेब्रुवारी २००९मध्ये नौदलात आली. १९ ऑगस्ट २००९ला दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार थांबे घेऊन मे २०१०मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. तयारीच्या काळात ते शिकायला गेले ते नॉक्स-जॉन्स्टनकडेच. मुंबईच्या सुतारांनी बांधलेल्या बोटीतून मिळालेलं शहाणपण, असं, चाळीस वर्षांनी गोव्याच्या यार्डात परत आलं.

दोंदे यांचं 'द फर्स्ट इंडियन' वाचणाऱ्याला सुरुवातीला एक झटका बसतो. समुद्र लवकर येतच नाही. परवानग्या, फाइली, पैसे, आराखडा, लाकूड, रेझिन, कोण काय पाठवणार आणि कधी. पुस्तकाचा मोठा भाग निघण्याआधीच्या तीन वर्षांचा आहे. काही वाचकांना हा भाग लांबल्यासारखा वाटेल. माझ्या मते पुस्तकाची खरी गोष्ट तीच आहे, आणि लेखकाला ते माहीत आहे. बोट कशी बांधली हे ज्याला तोंडपाठ, तोच ती भरसमुद्रात उघडून दुरुस्त करू शकतो. नायकाच्या एकटेपणावर बेतलेल्या या साहित्यप्रकारात दोंदे एकटे फार कमी वेळ दिसतात, यार्ड सतत त्यांच्या मागे उभं असतं. कोरडा विनोद, नौदली संयम आणि स्वतःबद्दल फुशारकी नाही, हा या लेखनाचा गुण.

त्याच संयमाची एक मर्यादाही आहे. भीती आणि थकवा यांच्याजवळ गद्य पोचतं आणि पुन्हा कामाला लागतं. वाचकाला कधी कधी वाटतं, थोडं थांबायला हवं होतं. दुसरी गोष्ट पुस्तकाच्या आवाक्याबाहेरची आहे. यार्डात फायबर घासणाऱ्या, नाकातोंडात रेझिनचा वास घेऊन काम करणाऱ्या हातांची गोष्ट त्यांच्याच तोंडून यायची अजून बाकी आहे.

पुढे याच यार्डातून 'तारिणी' निघाली. १० सप्टेंबर २०१७ला गोव्याहून निघून नौदलाच्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली मे २०१८मध्ये प्रदक्षिणा पुरी करून आल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसला पोर्ट लुईमध्ये न ठरलेला थांबा घ्यावा लागला. स्वागताच्या बातम्यांत असा थांबा एका ओळीत येतो. मला पुस्तक हवं आहे ते त्या ओळीचं. बिघाड कळल्यापासून बंदराला लागेपर्यंत त्या सहा जणींनी बोट कशी वळवली, झोपेच्या पाळ्या कशा लावल्या, कोण खाली वाकून काय पाहत होती. 'म्हादेई'वरूनच २०१२-१३मध्ये न थांबता एकट्याने प्रदक्षिणा करणारे अभिलाष टॉमी २०२२च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले. त्या शर्यतीत वाऱ्यावर चालणारं सुकाणू मोडलं, तेव्हा ते दुरुस्त करायला त्यांनी बोटीतल्या संडासाचं दार कामी आणलं. हा तपशील ऐकला की माणूस आणि बोट दोन्ही एकदम डोळ्यांपुढे उभे राहतात. विशेषणांनी हे काम झालं नसतं.

आपला समुद्र कुणी लिहिला?

यानंतरचा प्रश्न असा: शेकडो किलोमीटरचा किनारा असलेल्या भाषेत असं लेखन किती आहे? दोंदे यांनीही आपलं पुस्तक इंग्रजीत लिहिलं.

मराठीत समुद्र नाही असं नाही, तो ठसठशीत आहे. संतांच्या अभंगांत भवसागर आहे, तारू आहे, पैलतीर आहे. ते तारू माणसाला तारून नेतं, पण त्याला कधी डांबर लागत नाही. रूपकाला डागडुजी लागत नाही, हे रूपकाचं सुख. १९०९मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांना सुचलेल्या कवितेत समुद्र हा मातृभूमी आणि माणूस यांच्यामधला दुरावा आहे. 'विशाखा' (१९४२) संग्रहात कुसुमाग्रजांचा कोलंबस समुद्रालाच आव्हान देतो. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीत युरोपहून मुंबईकडे येणारी बोट आहे, तिच्यावर नाझींपासून पळालेले ज्यू निर्वासित आहेत, चक्रधर आणि हॅर्टा आहेत. मराठीतल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांपैकी ही एक. तिथे बोट हा माणसांना एकमेकांसमोर उभं करणारा बंदिस्त रंगमंच आहे आणि कादंबरीला तेवढंच हवं आहे.

या कृतींत काही कमी आहे असं मी म्हणत नाही. त्या एकत्र ठेवल्या की एक आकृती दिसते, एवढंच म्हणते. आपला लिहिलेला समुद्र किनाऱ्यावर उभ्या माणसाचा आहे, प्रवाशाचा आहे, किंवा गर्जना करणाऱ्या कप्तानाचा आहे. बोटीच्या तळाशी वाकलेला माणूस त्यात दिसत नाही.

एक जुना अपवाद आहे आणि तो साहित्याच्या कपाटात आपण ठेवतच नाही. इ. स. १७१६च्या सुमाराचं मानलं जाणारं रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र'. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात लढाईइतकीच काळजी लाकडाची आहे. कुठलं लाकूड परवानगीने तोडावं, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावं, रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जीर्णच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. पावसाळ्याआधी आरमाराची छावणी कुठे आणि कशी करावी हेही तिथे आहे. हे राजनीतीचं गद्य आहे. पण ते लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की जहाज एकदा बांधून संपत नाही, ते दरवर्षी पुन्हा राखावं लागतं. मराठीतलं निगेचं गद्य शोधायचं तर मी तिथून सुरुवात करेन.

हे ज्ञान किनाऱ्यावर आजही आहे, फक्त पुस्तकांत आलेलं नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी बोटी किनाऱ्यावर ओढतात, पावसापासून वाचवायला शाकारून ठेवतात. मग खरवडणं, फळ्या बदलणं, रंग, जाळी विणणं, इंजिन उघडणं. नारळी पौर्णिमेला आपण पाहतो तो नारळ आणि नटलेली बोट. त्याआधीचे दोन महिने पाहायला कुणी जात नाही. हंगामात खोल समुद्रात गेलेली बोट आठवडा-आठवडा परतत नाही. तांडेल आणि खलाशी तिच्यावरच जेवतात, झोपतात, आजारी पडतात, भांडतात. उष्ण कटिबंधात बोटीवर राहणं हे आपल्याकडे कुणाचं स्वप्न म्हणून सुरू झालेलं नाही, तो पोटाचा धंदा आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात आता नेपाळहून आलेले खलाशी आहेत. हिमालयाच्या पायथ्याच्या माणसाला अरबी समुद्रात बोटीवर राहताना काय काय शिकावं लागत असेल, ही कादंबरी अजून कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

कारण उघड आहे. ज्यांच्या हातात डांबर होतं त्यांच्या हातात लेखणी नव्हती. पण तेवढंच कारण नाही. निगेला आपण घरकाम समजतो. जे रोज करावं लागतं, केल्यावर दिसत नाही आणि न केल्यावरच दिसतं, ते काम आपल्या घरांत बाईच्या वाट्याला गेलं आणि साहित्यात वाटेला लागलं. गच्चीवरची टाकी कुणी धुतली याची गोष्ट होत नाही, टाकीवर चढून कुणी आंदोलन केलं याची होते. बोटीबद्दलची आपली उदासीनता आणि स्वयंपाकघराबद्दलची उदासीनता यांचं मूळ मला एकच वाटतं.

कंटाळ्याचा आक्षेप

यावर एक रास्त आक्षेप आहे. झडपा, खिळे, रंगाचे हात, हे वाचायला कंटाळवाणं नाही का? मॅन्युअल आणि साहित्य यांत फरक राहणार की नाही?

राहणार. नुसती यादी म्हणजे साहित्य नव्हे, आणि बोटीवरच्या पुस्तकांत अशा निर्जीव याद्याही भरपूर असतात. दुरुस्तीचं लेखन जिवंत होतं ते तीन गोष्टींनी. काय पणाला लागलंय हे वाचकाला कळायला हवं. पहिला उपाय फसला तर तो लपवायचा नाही. आणि वस्तूला तिच्या नेमक्या नावाने हाक मारायची. नॉक्स-जॉन्स्टनच्या पट्टीत या तिन्ही गोष्टी आहेत. नावांचा मुद्दा मराठीसाठी मला सगळ्यात तातडीचा वाटतो. सुकाणू, शीड, नांगर, वल्हं, डोलकाठी हे शब्द आपल्याला कवितेतून माहीत आहेत. पण बोटीच्या तळाशी जमलेलं पाणी, फळीचा सांधा, दोराची एकेक गाठ यांना किनाऱ्यावर जे शब्द आहेत ते आपल्यापर्यंत आलेले नाहीत. फायबरच्या बोटी वाढल्या, लाकडी बोटी बांधणारे सुतार कमी झाले. हातातलं काम गेलं की त्या कामाचा शब्दही जातो, आणि शब्द परत बांधायला यार्ड नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या, हातात फोन असलेल्या मुलामुलींनी येत्या मे महिन्यात बोट ओढली जाताना तिथे जावं. रील करायचीच असेल तर खरवडणीची करावी. आजोबा कुठल्या फटीला काय म्हणतात ते रेकॉर्ड करावं. समीक्षा करणाऱ्यांनी साहसकथा हातात घेतली की लाटेची उंची मोजायच्या आधी पंपाची नळी जागेवर आहे का ते पाहावं.

आपण समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनीही हात झटकू नयेत. आपलं पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं, तिथे जाळी टाकणाऱ्यांच्या होड्या आहेत. त्याच पैठणात एकनाथांनी लोकांच्या रोजच्या बोलीला ग्रंथात जागा दिली. त्या होड्या दर उन्हाळ्यात कुणीतरी उलट्या करतं, तळ तपासतं, भेग दिसली की बुजवतं. त्या कामाला तिथे काय म्हणतात, हे विचारायला पुंडलिकनगरहून बसने दीड-दोन तास लागतात.